पुढच्या तारेवरची वाकळ

पाहुणीनं पाहुणीसारखं राहावं. दोन दिवस चहा प्यावा, आमच्या भाकरीला नावं ठेवावीत, निघताना पदर डोळ्याला लावावा आणि एस्टी धरावी. आमच्या हिरावन्संना हे कधी जमलं नाही. माझ्या मालकांची ही धाकटी बहीण. पुण्यात दिली, तिथंच केस पिकले, तरी कोरेगावात पाऊल टाकलं की घर त्यांचंच. पिशवी खाली ठेवायच्या आधी डबे उघडणार, चटणीचा वास घेणार आणि म्हणणार, "वहिनी, तुझ्या तिखटाला रंग आहे, पण जीव नाही गं." मालक गेल्यावरही मी ते ऐकून घेत होते. नणंद आहे, बोलणारच. त्या मला 'तू' म्हणायच्या, मी त्यांना 'तुम्ही'. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या परकर नेसत होत्या, तेव्हापासूनची ही रीत.

पण त्या सकाळी त्यांनी माझ्या तारेला हात लावला.

आमची परटाची लाँड्री. पुढं रस्त्यावर दुकान, मध्ये राहायच्या खोल्या, मागं परडं. दुकानाच्या ओट्यावर बोर्डाखाली एक तार आणि परड्यात भिंतीच्या आड बाकीच्या तारा. मी मागं भट्टीचं जळण सारून हात पुसत पुढं आले आणि बघते तर काय, पुढच्या तारेवर, वकिलांच्या पांढऱ्या शर्टांच्या मधोमध, माझ्या नातीची अंथरायची वाकळ! ओला डाग बरोबर रस्त्याकडं. नीट ताणून, वर चिमटे लावून. जशी काही पैठणीच विकायला काढली होती.

शाळा भरायची वेळ. पोरींचे घोळके चालले होते. पोस्टातल्या जंगमबाई इस्त्रीच्या साड्या न्यायला आल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काकी, आभाळ नाही, पाऊस नाही, आणि वाकळ भिजली कशानं?"

"कळशी लवंडली," मी म्हणाले.

"कळशी कसली!" वन्सं चहाचा कप घेऊन दारात आल्या. "आमच्या मयूरीचं काम आहे ते. चौथीत गेली, घोडी झाली, अजून अंथरूण भिजवते. बघू दे की सगळ्यांना. लाज वाटल्याशिवाय सुधारायची नाही."

जंगमबाई शहाण्या. "होतं लहान पोरांचं," म्हणाल्या आणि साड्या काखेत मारून गेल्या. पण रस्त्यावरच्या पोरी कशाला शहाण्या असतील? एकीनं नाक धरलं. दुसरी हसत हसत तिच्या अंगावर पडली. मी मयूरीला शोधलं. पोर इस्त्रीच्या टेबलाखाली बसली होती, गणवेश घातलेला, वेण्या घातलेल्या, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी वाकळ अशी ओढली की चिमटे उडून रस्त्यावर पडले.

"वन्सं, हे तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार? तुझी सून दडवून ठेवते, तू लाड करतेस. सकाळी उठून मीच घातली. उन्हाला हीच तार बरी."

"उन्हाचं मला शिकवू नका. या घरात हयात गेली माझी उन्हात."

"तुला राग कशाचा आला तेच कळेना. पोरीच्या भल्याचंच केलं ना? चार मैत्रिणी हसल्या की बघ उद्या अंथरूण कसं कोरडं राहतं!"

"हसण्यानं मूत थांबत असतं तर दवाखान्यांत डॉक्टर कशाला ठेवले असते? विदूषक ठेवले असते!"

माझी सून शैला आतल्या दारात उभी होती. वडूजची पोर, गरीब स्वभावाची. तिनं माझ्या हातातली वाकळ घेतली आणि मागं नेली. मयूरी त्या दिवशी शाळेत गेली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. तिच्या पोटात काय दुखत होतं ते माझ्या वन्संखेरीज सगळ्यांना कळलं.

परक्याला वाटेल, एवढ्याशा वाकळेवरून ही बाई इतकी का तापली. त्याला परटाचं घर ठाऊक नाही म्हणून. आमच्याकडं अख्ख्या गावाचे कपडे येतात, आणि कपडे बोलतात. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाच्या सुनेला दिवस राहिले आणि कुणाचे गेले, ते आम्हाला त्यांच्या भाऊबंदांच्या आधी कळतं. माझी सासू मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "सूनबाई, कुणाच्या कपड्यावर काय दिसलं ते नदीवरच सोडायचं. घरी आणायचं नाही." आणि दुसरं शिकवलं ते तारेचं. ज्याच्यावर डाग आहे, ज्यानं कुणाची अब्रू जाईल, ते मागच्या तारेवर. चांगलं तेवढं पुढच्या तारेवर. मग ते पाटलाचं असो नाहीतर मांगाचं.

हे मी पाळलं. मी या घरात नवी आले तेव्हा एका घरची वाकळ रोज ओली असायची. मोठी होत आलेली पोरगी होती ती. सगळे उठायच्या आत मी ती गाठोड्यात मधोमध बांधून नदीवर न्यायचे, धुवायचे आणि पलीकडच्या काठावर खडकावर वाळवायचे. कुणाच्या घरची, ते मी नवऱ्याला सांगितलं नाही. शेजेला नवरा घेऊनही सांगितलं नाही, म्हणजे बघा.

तर वन्संनी आता मयूरीचं औषधपाणी हातात घेतलं. औषध कसलं, नुसतं पाणीच बंद. दुपारनंतर घोट नाही. माठावर त्यांची नजर. पोर ओठ चाटत हिंडायची. भात मागितला तर "भातानं लघवी वाढते", ताक मागितलं तर "नको", कलिंगडाची फोड उचलली तर हातावर चापट. आणि इतकं करून सकाळी वाकळ ओली ती ओलीच.

माझा मुलगा अंकुश आत्याला काही बोलेना. टेबलाशी उभा राहून कॉलरला इस्त्री मारताना म्हणतो, "आई, दोन दिवस आहे ती, जाऊ दे ना."

"तुझ्या लेकीचा घसा वाळलाय आणि तू कॉलरी कडक कर," मी म्हणाले. "उद्या हिला दवाखान्यात न्यायची. मी नेते."

"मीपण येते," वन्सं लगेच. "डॉक्टरांशी बोलायला कुणीतरी जाणतं पाहिजे."

स्टँडामागं तांबोळी डॉक्टरीणबाईंचा मुलांचा दवाखाना नवीनच झाला होता. बाई वयानं लहान, पण पोराशी बोलायची हातोटी होती. त्यांनी मला, वन्संना आणि शैलाला बाकावर बसवलं आणि मयूरीला आपल्या शेजारच्या स्टुलावर घेतलं. आमच्याकडं पाठ. मला ते आवडलं.

"शाळेत पाणी पितेस का गं?"

मयूरीनं मान हलवली. नाही.

"का?"

मग खाली बघत म्हणाली, "बाथरूमला कडी नाही. पोरी दार ढकलत्यात."

"म्हणून तू जातच नाहीस?"

"घरी आल्यावर जाते."

"आणि संडासला?"

पोरीनं मान आणखी खाली घातली. बाईंनी तिला झोपवून पोट दाबलं आणि माझा हात धरून बेंबीखाली डाव्या बाजूला ठेवला. पोट कसं, कणीक फार घट्ट मळावी तसं. त्या म्हणाल्या, "आजी, आतडी तुंबली आहेत. त्याचा दाब मूत्राशयावर येतो. दिवसभर ही पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते. मग मूत्राशयाला आपलं काम कळेनासं होतं." लघवी तपासली. साखर नव्हती, जंतू नव्हते. मग त्यांनी सांगितलं, दिवसा भरपूर पाणी द्या, शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर, तहान लागली की कधीही. लघवीला ठरल्या वेळी बसवा. पोट साफ व्हायचं औषध देते. झोपताना एकदा जाऊन येऊ द्या. रागवायचं नाही, मारायचं नाही. झोपेत होतं ते तिच्या हातात नाही.

"ऐकलंत?" मी वन्संना म्हणाले. "पाणी द्यायचं."

"डॉक्टर सांगणारच," वन्सं पुटपुटल्या.

बाईंनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला लहानपणी असा त्रास होता का? आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला? बऱ्याचदा हे घरातूनच येतं. आपोआप जातंही."

खोलीत पंखा घरघरत होता. मी वन्संकडं बघितलं. त्यांनी पदर सारखा केला.

"आमच्या घराण्यात?" त्या म्हणाल्या. "छे हो! परटाचं घर आमचं, पांढरंशुभ्र. असलं काही आमच्याकडं कधी नव्हतं. हिच्या आईच्या माहेरचं असेल. वडूजकडचं पाणीच तसलं."

शैलाची मान खाली गेली. तिच्या बापाच्या घरी काय होतं नव्हतं तिला ठाऊक, पण आतेसासूच्या तोंडाला कोण लागणार? ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मी आणखी थोडी वाट बघितली. डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या होत्या, त्यामुळं सवड होती. वन्सं भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत राहिल्या.

रिक्षात बसताना मी सहज म्हणाले, "वन्सं, बाईंनी विचारलं तेव्हा जरा आठवून बघायचं होतं."

"काय आठवायचं?"

"काही नाही."

मी त्यांना आणखी एक वाट दिली होती. त्यांनी घेतली नाही.

पुढचे दिवस बरे गेले. मी स्वतः शाळेत जाऊन हेडबाईंना बोलले. काय बोलले ते इथं सांगत नाही, पण बाथरूमला कडी बसली. मयूरी डब्याबरोबर पाण्याची बाटली नेऊ लागली आणि रिकामी आणू लागली. पोट हलकं झालं तशी तोंडावर तरतरी आली. एक सकाळ वाकळ कोरडी निघाली. पोरीनं ती दोनदा हातानं चाचपली, मग शैलाचा हात धरून त्यावर ठेवला. दोघी मायलेकी हसल्या. मी भट्टीपाशी होते, मला बघून गप्प झाल्या. मी म्हणाले, "हसा की, हसायला मोल पडतंय?"

पण पुन्हा एखाद्या सकाळी ओली व्हायचीच. एका दिवसात नाही जात, असं बाईंनीच सांगितलं होतं. आता मयूरीला स्वतःची पोर आहे, आणि ते सगळं नेमकं कधी थांबलं ते आम्हा कुणाला आठवत नाही, इतकं ते आपसूक गेलं. पण तेव्हा अजून मुक्कामाला असलेल्या वन्संना तेवढी कळ निघेना. त्यांच्या मते डॉक्टरांचं झालं, आता त्यांचं.

त्या दिवशी मी आणि अंकुश मंगल कार्यालयाच्या गाद्यांच्या खोळी आणायला गेलो होतो. शैलाला वन्संनी गिरणीवर पाठवलं. आम्ही परत आलो, जेवलो, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मयूरी न्हाणीतून आली ती वाकून चालत, परकर हातानं पुढं धरून.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"इकडं ये."

येईना. मी हात धरून ओढली, परकराची नाडी सैल केली.

बेंबीच्या खाली काळे टिपके. तीन टिपके आणि खाली आडवी रेघ. ती आमच्या दुकानाची खूण. कपडे हरवू नयेत म्हणून परीट बिब्ब्यानं कपड्याच्या कोपऱ्यावर जी खूण घालतो ती. बिब्ब्याला सुई टोचायची, रस काढायचा, टिपका द्यायचा. कपडा फाटेल पण खूण जायची नाही. ती या बाईनं माझ्या नातीच्या अंगावर घातली होती! आणि बिब्बा उतला होता. टिपक्यांभोवती कातडी लाल, फुगलेली, पाण्याचे फोड आलेले. एक फुटून परकराला चिकटला होता.

"कुणी केलं हे?" कुणी केलं ते मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"हिराआजीनं. म्हणाली, डाग दिला की सवय जाते. ओरडलीस तर आणखी एक देईन म्हणाली." मग पोर माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आजी, ही खूण धुतली तरी जात नाही ना?"

परटाची पोर ती. तिला बिब्ब्याची खूण ठाऊक नसेल तर कुणाला? रात्रभर ती हाच विचार करत पडली असणार, की आपण आता जन्मभर खुणेचे झालो.

"जाते," मी म्हणाले. "माणसाच्या कातडीवरची जाते. कपडा मेलेला असतो, तू जिती आहेस." मी खोबरेल घेतलं, बोटांनी हळूहळू लावलं. शैला आली. तिनं बघितलं आणि तोंडावर हात घेतला. तेवढ्यात अंकुश आला. त्याचं तोंड पांढरं पडलं. मी त्याला बोलूच दिलं नाही.

"तू तांबोळीबाईंकडं जा. बिब्बा उतलाय म्हणून सांग, मलम घेऊन ये. पळ. आणि घाई करून लगेच परत येऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे जा."

तो गेला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. "दुपारनंतर या," म्हणाले. मालक गेले तो दिवस सोडला तर दिवसाउजेडी कधी पडलं नव्हतं ते शटर मी खाली ओढलं. त्या आवाजानं वन्सं आतून बाहेर आल्या. वेणी अर्धी घातलेली, हातात रिबीन.

"शटर का गं लावलंस? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. बसा."

त्या उभ्याच राहिल्या. मयूरी शैलाच्या कुशीत. वन्संनी पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता बिब्ब्यावरून तमाशा करणार का? आमच्या सासरी लहान पोरांना असंच करतात. थोडं उततं, बसतं. त्यात काय आभाळ कोसळलं, वहिनी? आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतं, म्हणून जिवाला लागलं माझ्या. उद्या पोरीचं लग्न करायचंय. सासरी पहिल्याच रात्री अंथरूण भिजवलं तर नाव कुणाचं जाईल?"

"घराण्यात कधी नव्हतं?"

"नव्हतंच."

"वन्सं, पुन्हा एकदा विचारते. नव्हतं?"

त्यांनी रिबीन बोटाला गुंडाळली. "वहिनी, हळू बोल."

"म्हणूनच शटर ओढलंय. तेवढी अक्कल तुमच्या आईनं मला शिकवली." मी उभी होते तिथून हलले नाही. "मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला परकर होता आणि तोरा होता. आणि रोज तांबडं फुटायच्या आत तुमची आई मला हलवून उठवायची, तुमच्या अंगाखालची वाकळ ओढून माझ्या हातात द्यायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मधोमध बांधून मी ती नदीवर न्यायची. थंडीत पाण्यात उतरून धुवायची. पलीकडच्या काठावर वाळवायची, म्हणजे गावातल्या कुणाला दिसू नये. तुमचं लग्न ठरलं त्या सालापर्यंत. तुमच्या दादाला ठाऊक नव्हतं. ते गेले, तरी ठाऊक नव्हतं. तुमच्या नवऱ्याला नाही, अंकुशला नाही. तुम्हाला कुणी बोट लावलं होतं, वन्सं? कुणी पाणी तोडलं होतं? कुणी पुढच्या तारेवर घातलं होतं?"

वन्सं कार्यालयाच्या खोळींच्या गाठोड्यावर बसल्या. मटकन. अर्धी वेणी सुटून खांद्यावर आली.

शैलानं मान वर केली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं असेल.

मयूरी आईच्या कुशीतून थोडी बाहेर आली.

"हिराआजी," ती म्हणाली, "तुझी पण व्हायची ओली?"

वन्संचे ओठ हलले. मला वाटलं आता नाही म्हणतात. पण त्यांनी पोरीच्या परकराच्या सैल नाडीकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. हो.

"किती मोठी होतीस?"

"तुझ्याहून मोठी होते," वन्सं म्हणाल्या. पुण्याचा आवाज नव्हता तो. मग त्या माझ्याकडं वळल्या. "वहिनी, मी आज दुपारच्या गाडीनं जाते. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"गाडीबिडी काही नाही," मी म्हणाले. "तोंड लपवून पुण्याला जायचं सोपं आहे, ते मी तुम्हाला देणार नाही. आधी शैलाला सांगायचं की हे वडूजहून आलेलं नाही. तुमच्या तोंडानं सांगायचं, माझ्या नाही. तिच्या बापाच्या घराला लावलेला डाग तुम्हीच काढायचा. मग परड्यात जायचं. आजची वाकळ बादलीत भिजत पडलीय. तुमच्या मी धुतल्या, वन्सं, नदीवर, कुणाला न सांगता. हिची आता तुम्ही धुवायची. हातानं. आणि वाळत घालायची ती मागच्या तारेवर."